दुधाचा संशय आणि बाळाच्या अंगावरचे चट्टे : काही महिन्यांच्या वापरानंतर काय खरंच उपयोगी पडलं

दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या अंगावर लाल, खरखरीत, खाजणारे चट्टे येतात आणि घरात सगळ्यांची बोटं दुधाकडे वळतात. अशा वेळी बाजारात मिळणाऱ्या आणि सुचवल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी पावसाळा आणि हिवाळा असे दोन्ही ऋतू वापरून झाल्यावर आमचं मत असं आहे: सगळ्यात जास्त फरक भरपूर लावलेल्या साध्या मॉइश्चरायझरने पडतो, त्याखालोखाल रोजच्या नोंदींच्या वहीने. दूध बंद करण्याचा क्रमांक त्यानंतर लागतो, आणि तेही ठरलेल्या मुदतीपुरतंच.

पहिल्यांदा वेळ बघा. दूध, दही किंवा पेढा पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, उलट्या झाल्या, तर ती तातडीची ॲलर्जी असू शकते. असं एकदा जरी झालं असेल तरी घरी कुठलाही प्रयोग करायचा नाही, ॲलर्जीची माहिती असलेल्या बालरोगतज्ज्ञांकडे जायचं. खोकला, घरघर, आवाज बसणं, मूल मलूल पडणं, यांपैकी काही दिसलं तर 108 ला फोन करून थेट दवाखाना गाठा. तिथे ॲड्रेनालिन हे गंभीर ॲलर्जीवरचं इंजेक्शन देतात. सेटिरिझिनच्या थेंबांनी गांधी कमी होतील, पण श्वासाचा त्रास थांबणार नाही. दुसरा प्रकार सावकाश चालतो: दोन तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत कधीही एक्झिमा (कोरड्या, खाजऱ्या चट्ट्यांचा त्वचारोग) भडकतो, शौचाला पातळ किंवा चिकट होतं. घरोघरी गोंधळ होतो तो याच प्रकारात, कारण परवाच्या खिरीचा चट्टा आजच्या टोमॅटोच्या नावावर जातो.

म्हणून वही. तारीख, खाल्लेलं सगळं (तोंडी लावलेल्या बिस्किटासकट), अंघोळ, लावलेलं क्रीम, झोप, शौच आणि हवा, एवढे रकाने पुरतात. चट्ट्यांचा फोटो रोज त्याच खिडकीशी, त्याच वेळी काढावा. आठवड्यातून एकदा ‘पोएम’ ही एक्झिमाचा त्रास मोजणारी प्रश्नावली भरली: सात प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 28. खाज किती दिवस होती, झोप किती रात्री मोडली, कातडी किती दिवस चिरली, असं त्यात विचारतात. ‘जरा बरं वाटतंय’ यापेक्षा 19 वरून 8 हा आकडा डॉक्टरांना जास्त काही सांगतो. शिवाय लिहिताना कळतं की सगळी पुरळं एक्झिमाची नसतात. मानेवर, पाठीवर बारीक टाचणीसारखे दाणे आणि हवा दमट असेल तर घामोळं. बोटांच्या बेचक्यांत, तळव्यांवर दाणे, रात्री जास्त खाज आणि घरात आणखी कोणी खाजवतंय, तर खरूज. जेवल्यावर फक्त ओठांभोवती येऊन तासाभरात जाणारा लालसरपणा बहुधा लाळ आणि आंबट पदार्थाचा असतो.

आता क्रीम. इथे जवळपास सगळ्यांचं प्रमाण चुकतं. अंगभर कोरडी कातडी असलेल्या या वयाच्या मुलाला आठवड्याला निदान 125 ते 250 ग्रॅम मॉइश्चरायझर लागतं. 50 ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर ते न लावल्यासारखंच आहे. महागडं, सुवासिक बेबी लोशन घेण्यापेक्षा बिनवासाचं घट्ट क्रीम मोठ्या डब्यात घ्या, पैसेही वाचतात. डब्यात बोट घालू नका, स्वच्छ चमच्याने काढा, नाहीतर क्रीममध्ये जंतू जातात. कोमट पाण्याची 5 ते 10 मिनिटांची अंघोळ, साबणाऐवजी साबणविरहित क्लेन्झर, पंचाने टिपून घेणं आणि अंग ओलसर असतानाच अंगावरचे केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने क्रीम. चोळायचं नाही. कोकणात, मुंबईत मे महिन्यात व्हॅसलीनसारखं मलम लावलं तर घाम कोंडून बारीक फोड येतात. तिथे क्रीम बरं. विदर्भात किंवा पुण्याच्या हिवाळ्यात मात्र तेच मलम उत्तम. एक धोका कोणी सांगत नाही: पॅराफिन असलेली मलमं कपड्यांत मुरतात आणि असा कपडा झटकन पेट घेतो. देवघरातलं निरांजन आणि गॅस, दोन्हीपासून मुलाला लांब ठेवा.

चट्टा लाल आणि खाजरा असेल तर डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टेरॉइडचं मलम लागतंच. घाबरून पुसटसं लावलं की चट्टा पूर्ण जात नाही आणि औषध महिनोन्महिने चालू राहतं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली रेघ म्हणजे एक माप, सुमारे अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला ते पुरतं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला पूर्ण हाताला दीड, पायाला दोन, पाठ आणि ढुंगणाला तीन मापं. मॉइश्चरायझर आणि स्टेरॉइड यांत पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. दुकानदार न विचारता देतो ती बुरशी, जंतू आणि खाज अशा तिन्हींवरची एकत्र ट्यूब लावू नका. तिच्यात बऱ्याचदा तीव्र स्टेरॉइड असतं.

बेसन आणि साय लावून अंघोळ घालणं बंद करा, हे जीव तोडून सांगावंसं वाटतं. चिरलेल्या कातडीतून दुधाचं प्रथिन आत गेलं की शरीर त्यालाच शत्रू समजायला शिकू शकतं. मोहरीचं तेलही कातडीचं आवरण बिघडवतं.

दोन-तीन आठवडे असं नीट केल्यावर अनेक मुलांचं अंग इतकं सुधारतं की दुधाचा प्रश्न उरतच नाही. उरलाच, तर डॉक्टरांशी बोलून 2 ते 4 आठवडे दूध पूर्ण बंद. पूर्ण म्हणजे दही, ताक, पनीर, खवा, लोणी आणि तेवढ्या दिवसांपुरतं साजूक तूपसुद्धा, कारण तुपात प्रथिनाचा अंश राहू शकतो. पाकिटावर दूध हा घटक वेगळा लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसीन’ हे शब्द शोधा. सुटी खारी, टोस्ट, नानकटाई यांवर पाकीटच नसतं, म्हणून त्या सरळ वगळा. पंचामृत, ढोकळ्यातलं दही, दुधात भिजवलेली कणीक, आजोबांनी प्रेमाने भरवलेला अर्धा पेढा, इथेच प्रयोग फसतो. घरातल्या प्रत्येकाला आणि पाळणाघरातल्या ताईंना लेखी यादी द्या. मूल अंगावर पीत असेल तर आईनेही दूध बंद करायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. करायचं असेल तर तिला कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हवंच.

दुधाऐवजी काय? एक वर्षाच्या आतल्या बाळाला डॉक्टर पूर्ण विघटित प्रथिनांचा फॉर्म्युला देतात. तो कडवट, उग्र वासाचा आणि फार महाग आहे. शी हिरवट होते, त्याने घाबरू नये. ‘एचए’ लिहिलेला अर्धवट विघटित डबा यासाठी चालत नाही. वर्षावरच्या, सोया सोसणाऱ्या मुलाला बिनसाखरेचं, कॅल्शियम घातलेलं सोया दूध आम्हाला सगळ्यात सोयीचं वाटलं. 100 मिलीला सुमारे 3 ग्रॅम प्रथिनं आणि बहुतेक खोक्यांत 120 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. कॅल्शियम तळाशी बसतं, म्हणून खोकं प्रत्येक वेळी जोरात हलवा. घरी काढलेल्या सोया दुधात ते जवळजवळ नसतं. या वयाला दिवसाला 500 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं: 300 मिली सोया दूध आणि 30 ग्रॅम नाचणीचं पीठ मिळून साधारण 460 होतं. उरलेलं हिरव्या भाजीतून आणि, तिळाची ॲलर्जी नसेल तर, चमचाभर तिळाच्या कुटातून येतं. बदामाच्या दुधात प्रथिनं नगण्य, तांदळाच्या दुधात आर्सेनिकचा प्रश्न. भाताची पेज देऊन दुधाची जागा भरू नका, वजन घसरतं. साय-तूप गेलं की उष्मांक जातात, म्हणून वरण-भातावर चमचाभर शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल घाला आणि महिन्याला एकाच काट्यावर वजन करा.

पैसे वाया जाणाऱ्या गोष्टींत आमच्या यादीत पहिलं नाव लॅक्टोज-फ्री दुधाचं. त्यात दुधातली लॅक्टोज ही साखर फोडलेली असते, प्रथिन तसंच. ए2 दुधातलं प्रथिनही या ॲलर्जीसाठी पुरेसं वेगळं नाही, आणि शेळीच्या दुधावर बहुतेक अशा मुलांना तसाच त्रास होतो. केसांच्या आणि ‘आयजीजी’ या रक्तातल्या प्रतिपिंडाच्या तपासण्या निरुपयोगी. ‘आयजीई’ या दुसऱ्या प्रतिपिंडाची रक्ततपासणी तातडीच्या ॲलर्जीसाठी कामाची, पण सावकाश प्रकारात ती सहसा निगेटिव्ह येते, आणि पॉझिटिव्ह आली म्हणजे ॲलर्जी ठरली असंही नाही.

मुदत संपली की दूध परत द्यायचं. फरक पडला तरी द्यायचं, कारण त्याशिवाय दूधच कारण होतं हे ठरत नाही. नेमकी हीच पायरी घरोघरी गाळली जाते, आणि तिचा धोका खरा आहे: एक्झिमाच्या मुलांत पुरावा नसताना महिनोन्महिने दूध तोडलं, तर नंतर दिल्यावर तातडीची ॲलर्जी उमटू शकते. ताप, लस आणि सर्दी नसलेला आठवडा निवडा. डॉक्टरांनी घरी द्यायला परवानगी दिली असेल तर पद्धत सहसा अशी असते: पहिल्या दिवशी 30 मिली, रोज 30 ची वाढ, आठवडाअखेर साधारण 200 मिली. बाकी जेवण आणि क्रीम तेच ठेवा. काही झालं नाही तर दुधावरचा संशय संपला.

चट्टे परत भडकले तर थांबा, अंग शांत होऊ द्या. मग सहसा सहा महिन्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायरीपायरीने परत सुरुवात होते: आधी दूध-पावडर घातलेलं भाजलेलं बिस्कीट, मग केक, मग धिरडं, चीज, दही आणि शेवटी दूध. गव्हाच्या पिठात मिसळून 180 अंशांवर अर्धा तास भाजलं की दुधातली काही प्रथिनं मोडतात आणि काही पिठाला बांधली जातात. नुसतं उकळून तसं होत नाही, म्हणून तासभर आटवलेली बासुंदी या क्रमात दुधाच्याच पायरीवर येते. केकचा मधला भाग ओलसर राहिला असेल तर तो तुकडा देऊ नका, आणि वरचं क्रीम किंवा चॉकलेट खरवडून टाकण्याऐवजी साधाच केक घरी भाजा.