गॅदरिंगचं गाणं: मोबाइलवर कापायचं की स्टुडिओत?

डिसेंबर उजाडला की जळगाव-धुळ्याकडच्या शाळांत गॅदरिंगची धांदल उडते आणि चार-पाच अहिराणी गाणी एका नाचात बसवायची वेळ येते. एकच गाणं छोटं करायचं असेल तर मोबाइल पुरे. घरबसल्या, फुकटात होतं.

गाणी जोडायची असतील तर मात्र मी स्टुडिओच सांगेन. खरी गोम जोडातच आहे. १२० बीपीएमच्या (म्हणजे मिनिटाला १२० मात्रांच्या) गाण्यात आठ मात्रा बरोबर ४ सेकंदांत होतात. काप अर्धी मात्रा जरी सरकला तरी पाव सेकंद हुकतो आणि मागच्या रांगेतल्या पोरींचे पाय अडखळतात. जाणकार एडिटर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर कापतो, सूर न बदलता पुढच्या गाण्याची लय जुळवतो, सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणतो. मोबाइलवर बहुतेकजण फेड-आउट करून, म्हणजे आवाज हळूहळू बंद करून वेळ मारून नेतात. त्या शांततेत मुलं स्टेजवर नुसती उभी राहतात. फार वाईट वाटतं ते बघून.

स्टुडिओत जाताना नाच बसवणाऱ्या मॅडमना सोबत न्या. फाइल वॅव्हमध्ये (WAV, आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइलप्रकार) मागा. एमपी३ पुन्हापुन्हा एडिट करून सेव्ह केली की दर वेळी आवाज थोडा उतरतो.