ग्रीक-रोमन अभ्यासात एमए: लंडनमधल्या एका वर्षानंतर

प्रबंध जमा करून दोन आठवडे झालेत. अर्ज भरायच्या आधी मी मराठीत असा एखादा अनुभव खूप शोधला होता. सापडले ते सगळे एमबीएचे आणि डेटा सायन्सचे. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे तुम्हाला स्वतःशी ताडून बघता येईल. कल्याणची, संस्कृतात बीए, मग तीन वर्षं नोकरी. त्यातलं शेवटचं वर्ष पहाटे उठून घरीच ग्रीक शिकले. लंडनमधल्या एका विद्यापीठात क्लासिक्सचा, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन अभ्यासाचा, एक वर्षाचा एमए केला. १८० क्रेडिट्स, त्यातले ६० प्रबंधाचे. फी, खोलीभाडं, खाणंपिणं धरून पंचेचाळीस लाखांच्या घरात गेलं. निम्मं कर्ज आहे. ‘एवढे पैसे घालून ग्रीक शिकून बोलणार कोणाशी?’ हा बाबांचा प्रश्न अजून तसाच आहे. ती ग्रीक आज कोणी बोलत नाही, हे त्यांना सांगायची हिंमत झालेली नाही.

सगळ्यात मोठी तक्रार आधीच सांगून टाकते. माहितीपत्रकात इतिहास, नाटक, तत्त्वज्ञान, शिल्पं असं भरगच्च ताट मांडलेलं असतं. भाषा कोपऱ्यातल्या चटणीसारखी. प्रत्यक्षात जेवण भाषेचंच आहे. सेमिनारमध्ये बाकीच्यांचा मुद्दा ग्रीक मजकुरातल्या एखाद्या अव्ययावरून निघतो आणि तुम्ही इंग्रजी भाषांतर चाळत बसता. वर्गातली काही मुलं अकराव्या-बाराव्या वर्षापासून लॅटिन घोकत आलेली. ‘अनसीन’च्या परीक्षेत, म्हणजे कधीही न पाहिलेला उतारा समोर टाकतात त्यात, पहिल्या सत्रात मला जेमतेम पासापुरते गुण होते. लिपीपासून सुरुवात करायची असेल तर एक वर्षाच्या कोर्समध्ये ती हौस भागत नाही. आधी दोन वर्षं घरी घाला, मग पैसे घाला.

संस्कृतचा आधार मात्र भक्कम. ग्रीकमधल्या आत्मनेपद, द्विवचन, विधिलिङ् (‘करावे’ अशा अर्थाची क्रियारूपं) या गोष्टींनी इंग्रज मुलांना घाम फुटतो, आपल्याला त्या जुन्या शेजाऱ्यासारख्या भेटतात. ‘अभरत्’ला ग्रीकमध्ये ‘एफेरे’ म्हणतात, हे पहिल्यांदा फळ्यावर बघितलं तेव्हा मी वर्गातच मोठ्याने हसले. ग्रीकचा ‘अओरिस्ट’ हा भूतकाळ समजावायला बाईंना दोन तास लागले. मी वहीत ‘लुङ्’ (संस्कृतातला त्याचा जोडीदार) लिहून पान उलटलं. (ही घमेंड पुढच्याच आठवड्यात उतरली. रूपं जुळतात, वापर जुळत नाही.)

उच्चारात आणखी एक गंमत. जुन्या अथेन्समध्ये फ, थ, ख हे खरे महाप्राण होते. वर्गात कोणालाच ते जमेनात. मला एक ओळ वाचायला सांगितली आणि मी फळातला फ लावला, दोन्ही ओठ मिटून, शाळेत बाईंनी शिकवलेला. हल्ली निम्मी मुंबई तो दात टेकवूनच उच्चारते, पण तो वाद इथे नको. त्या दिवसापासून कुठलाही उतारा मोठ्याने वाचायचा झाला की माझीच पाळी. र्‍हस्व ए आणि र्‍हस्व ओ मात्र वर्षभर चुकले, कारण संस्कृतात ते दोन्ही दीर्घच.

लॅटिनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शिकले, पास झाले. रोमन वक्ता सिसेरोला ‘किकेरो’ म्हणायची सवय लागली आणि आता घरच्यांना मी चुकतेय असं वाटतं.

खरी वसुली प्रबंधात झाली. विषय होता ‘पेरिप्लस’, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं एका व्यापाऱ्याचं टिपण. लाल समुद्रापासून भारतापर्यंत कुठल्या बंदरात काय विकतं, काय मिळतं, कुठे खडक आहेत, हे सगळं. लिहिणारा इजिप्तमधला ग्रीक. साहित्यिक मंडळी याच्या भाषेला नाकं मुरडतात, माझं मात्र तिच्यावाचून पान हललं नसतं. त्यात पैठण आहे, तेर ‘तगर’ या नावाने आहे, सोपारा आहे, चौल आहे. आणि ‘कल्लिएना’ आहे. लोकलच्या पाटीवर जन्मभर वाचलेलं नाव ग्रीक अक्षरांत बघून काय झालं ते नीट सांगता येणार नाही. त्या संध्याकाळी पुढे काही वाचलं नाही.

त्या परिच्छेदातलं एकच वाक्य मी तीन आठवडे चघळलं. कल्याण पूर्वी रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण सांदानेस नावाच्या कोणाच्या ताब्यात गेल्यावर तिथे अडवणूक सुरू झाली. मग लेखक म्हणतो, ‘चुकून या भागात शिरणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यानिशी बारुगाझाला नेली जातात.’ बारुगाझा म्हणजे भरूच. मूळ ग्रीकमध्ये ‘चुकून या भागात शिरणारी’ हे सगळं ‘जहाजं’च्या आधी येतं, अगदी मराठीसारखं. इंग्रजीत मात्र ते उलटंपालटं करावं लागतं. क्रियापद तर एकवचनी, कारण ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी अनेकवचनाला सहसा एकवचनी क्रियापद लागतं. जणू ‘जहाजं नेलं जातं’. पण खरी मेख ‘मेता फ्युलाकेस’ या दोनच शब्दांत आहे. पहाऱ्यानिशी म्हणजे संरक्षण देऊन की अटक करून? व्याकरण दोन्हीला हो म्हणतं. आणि उत्तर बदललं की कोकणकिनाऱ्याचं त्या वेळचं राजकारणच बदलतं. मी अटकेच्या बाजूने लिहिलं. तोंडी चर्चेत त्यावरून मला चांगलंच सोललं.

त्यात हा सगळा मजकूर दहाव्या शतकातल्या एकाच हस्तलिखितावर उभा आहे. ते हायडेलबर्गला आहे. ब्रिटिश लायब्ररीतलं दुसरं त्याचीच नक्कल. नकलनविसाला भारतातली नावं कळलेली नाहीत हे ओळीओळीला दिसतं. छापील आवृत्तीत पानाच्या तळाशी बारीक टायपात कोणी काय दुरुस्ती सुचवली याची यादी असते, ती वाचायला शिकणं हाच या पदवीतला सगळ्यात मोठा धडा. माझा तरी.

लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउसमधलं इन्स्टिट्यूट ऑफ क्लासिकल स्टडीजचं ग्रंथालय हा या शहरात राहायचा खरा फायदा. कपाटातून पुस्तक स्वतः काढायचं, शेजारचंही काढायचं. माझी अर्धी टिपणं अशा शेजारच्या पुस्तकांतून आली.

विद्यापीठाबद्दल मात्र राग आहे. पपायरसवरचं, म्हणजे इजिप्तमधल्या लव्हाळ्याच्या कागदावरचं, लेखन वाचायचा विषय बघून मी इथे अर्ज केला होता. ऑक्टोबरमध्ये ईमेल आला, पुरेसे विद्यार्थी नाहीत, विषय यंदा नाही. फी तेवढीच. त्याऐवजी गळ्यात पडला तो शिल्पांवरचा विषय, ज्यात दर आठवड्याला स्लाइड बघून मान डोलवायची. मार्गदर्शक उन्हाळ्यात रजेवर गेले आणि जुलैभर एकाही ईमेलला उत्तर नाही. अर्ज करताना थेट विचारा, हा विषय मागच्या दोन वर्षांत खरंच शिकवला गेला का? लेखी उत्तर घ्या.

नोकरीचं म्हणाल तर या पदवीच्या नावाने कोणी बोलावत नाही. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास काम करायची परवानगी असते, ते मी एका कॉफीच्या दुकानात केलं. आता पीएचडीचे दोन अर्ज टाकलेत, शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणार. नाहीतर पुन्हा कल्याण.

पाचपैकी साडेतीन. विषयाला पाच दिले असते, कापलेला दीड विद्यापीठाचा.

सुरुवातीची ग्रीक पाठ्यपुस्तकं कोणाला हवी असतील तर कळवा, पेन्सिलच्या खुणांसकट फुकट देईन. शब्दकोश मागू नका.