ई-20 पेट्रोल : पुण्याच्या पंपावर आणि जिल्ह्यातील उसाच्या रानात

पुण्यातील पंपांवर आज साधे पेट्रोल म्हणून जे मिळते ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेले ई-20 असते. ग्राहकाला निवडीस फारसा वाव उरलेला नाही. त्यामुळे ते घ्यावे की न घ्यावे यापेक्षा, त्यासाठी मोजलेल्या पैशांतून गाडीला काय मिळते आणि बारामती, इंदापूर, दौंडच्या ऊसपट्ट्याला काय मिळते, हे तपासणे अधिक उपयोगाचे ठरेल.

गाडीपुरते बोलायचे तर माझी जुनी स्कूटर या इंधनावर सुरळीत चालते, मात्र अ‍ॅव्हरेज थोडे घटले आहे. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असल्याने ही घट अटळच होती. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात अशा जुन्या दुचाकींसाठी 3 ते 4 टक्के आणि चारचाकींसाठी 6 ते 7 टक्के घटीचा अंदाज दिला होता, आणि तिची भरपाई म्हणून मिश्रित इंधनाचा दर साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावा, असेही सुचवले होते. दर काही कमी झाला नाही. या निकषावर हे उत्पादन सरळ नापास आहे.

शेतीच्या बाजूने पाहिल्यास गुण अधिक द्यावे लागतात. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, 14 दिवसांत देणे बंधनकारक आहे. पण साखर महिनोन्‌महिने गोदामात पडून राहते, कारखाना ती बँकेकडे तारण ठेवून उचल घेतो आणि त्या व्याजाचा भार शेवटी ऊस उत्पादकाच्याच बिलावर येतो. तेल कंपन्यांकडून इथेनॉलचे पैसे सुमारे तीन आठवड्यांत येतात. 2024-25 च्या हंगामात उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला लिटरमागे 65.61 रुपये, बी-हेवी मळीपासूनच्या (साखरेचा अंश अजून बराच शिल्लक असलेल्या मळीपासूनच्या) इथेनॉलला 60.73 रुपये आणि सी-हेवीच्या (शेवटी उरणाऱ्या मळीच्या) इथेनॉलला 57.97 रुपये दर होता. माझ्या मते इथेनॉलचा खरा लाभ उसाच्या वाढीव दरात नसून या रोकड सुलभतेत आहे, आणि एकरकमी एफआरपीसाठी आंदोलने पाहिलेल्या भागात ही गोष्ट लहान नाही. उपपदार्थांसह मिळणाऱ्या उत्पन्नाचा 70 टक्के वाटा उत्पादकाला देण्याचे रंगराजन समितीचे सूत्र आहे. तरीही इथेनॉलचा नफा वाढीव हप्त्याच्या रूपाने सभासदाच्या खात्यात किती उतरतो, हे त्या त्या कारखान्याच्या हिशेबावर आणि, खरे तर, संचालक मंडळाच्या मर्जीवर अवलंबून राहते.

आसवनी (इथेनॉल तयार करणारा प्रकल्प) नसलेला कारखाना या लाभापासून दूरच राहतो. ज्यांनी कर्ज काढून आसवनी उभारली, त्यांची जोखीमही मोठी आहे. साखरेचे उत्पादन घटण्याच्या भीतीने 7 डिसेंबर 2023 रोजी केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यास ऐन हंगामात मनाई केली; आठवड्याभरात ती काहीशी सैल झाली, पण कर्जाचे हप्ते कोणी थांबवले नव्हते. आता देशातील निम्म्याहून अधिक इथेनॉल धान्यापासून, मुख्यत्वे मक्यापासून येते. म्हणजे पुणेकराने पंपावर दिलेला पैसा उसाच्याच रानात पोहोचतो, हे गृहीतकही पूर्ण खरे नाही. मक्याचा भाव वाढला, हे कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने चांगलेच झाले. कुक्कुटपालन करणाऱ्यांचे खाद्य मात्र महागले.

पाण्याचा हिशेब तर किमतीत धरलेलाच नाही. उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवण्यास सुमारे 2,860 लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाचाच आराखडा सांगतो. नीरा कालव्यावरील बागायतदाराला हा आकडा टोचत नसेल. त्याच बारामती तालुक्याच्या जिरायती गावांत, जिथे उन्हाळ्यात टँकर येतो, तो वेगळा वाचला जातो.

गाडीसाठी पाचपैकी तीन, ऊसपट्ट्यासाठी साडेतीन गुण मी देईन. लिटरमागे निदान तीन-चार रुपयांची सूट मिळाली, तर पहिला आकडा वाढवण्यास माझी हरकत नाही. जुनी गाडी असलेल्यांनी रबरी नळ्या आणि गॅस्केट तपासून घ्यावेत. इथेनॉल ओलावा शोषून घेत असल्याने पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणे टाळावे.