तपकीर गल्लीतलं डेक रिपेअरचं दुकान, नक्की जा

पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत कॅसेट डेक दुरुस्त करणारं एक छोटंसं दुकान आहे, काका एकटेच बसतात. माझा डेक बारा वर्षं माळ्यावर पडून होता, आतला बेल्ट वितळून पार डांबरासारखा चिकट झालेला. काकांनी तो खरवडून काढला, नवीन बेल्ट टाकला, पिंच रोलर (टेप दाबून पुढे सरकवणारं रबरी चाक) बदलला, हेड म्हणजे टेप वाचणारा भाग साफ केला आणि स्क्रू फिरवून त्याचा कोन पण सेट केला, तो चुकला की वरचे सूर दबतात आणि झांजांचा आवाज मेल्यासारखा येतो हे मला तिथेच कळलं. साडेआठशे घेतले, चार दिवस सांगून नऊ लावले, तेवढं धरून चाला.

टेस्टिंगला मी माझ्याच कॅसेट नेल्या होत्या आणि तिथे स्टुलावर बसून सगळं वय डोळ्यांसमोरून गेलं. शाळेत बॉन जोवी म्हणजे देव, एफवायला मेटॅलिका, १९९१ चा तो काळ्या कव्हरचा अल्बम तर टेप ताणेपर्यंत ऐकला, आणि तेव्हा पिंक फ्लॉइड लावलं की झोप यायची. आता चाळिशीत बरोब्बर उलटं झालंय, रात्री फ्लॉइडच लागतं, त्यांच्या गिटारवाल्या डेव्हिड गिलमोरचा एकच लांबवलेला सूर पुरतो. सकाळी इंडियन ओशन बँड नाहीतर आपल्या पुण्याचा अग्नी बँड. बॉन जोवीची कॅसेट लागली तेव्हा मात्र घसा दाटला खरंच, काकांनी पण पूर्ण बाजू वाजू दिली.

जाताना स्वतःची कॅसेट न्या. गाडी लांब लावा, गल्लीत जागा नाही.