नवा दिसला तो टायमिंग बेल्ट नव्हताच

मार्च 2025 मधला एक रविवार. सकाळी साडेसातला ठाण्याहून बेलापूरला निघालो होतो. बायको शेजारी, मुलगी मागे. महापे ओलांडलं आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर चालत्या गाडीचं इंजिन एकदम गप्प झालं. स्टिअरिंग जड झालं, मागून कंटेनरवाला हॉर्न मारत होता, कशीबशी गाडी डावीकडे घेतली. चावी फिरवली तर स्टार्टर नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरला. इंजिनात दाबच उरला नाही की असा आवाज येतो. मी चावीला पुन्हा हात लावला नाही. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा, गेला होता. चारच महिन्यांपूर्वी 13,800 रुपये देऊन तो बदलून घेतला होता, निदान माझी तशी समजूत होती.

गाडी बाबांची. 2001 ची होंडा सिटी, दीड लिटरची व्हीटेक. दिसायला साधी सेडान, पण 106 हॉर्सपॉवरचं इंजिन. जुन्या वेगवान गाड्यांचे शौकीन आजही ती शोधत असतात. बाबा 2022 मध्ये गेले. गाडी आता वर्षाला जेमतेम दोन हजार किलोमीटर चालते. पुन्हा नोंदणी, हरित कर, सगळं मी आनंदानं भरतो, कारण ही गाडी मला विकायची नाही.

बाबांच्या डायरीत नोंद आहे: मे 2013, टायमिंग बेल्ट, 68,400 किमी. म्हणजे अकरा वर्षं उलटून गेली होती. किलोमीटर कमी झाले म्हणून बेल्ट टिकेल, हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज. बेल्ट रबराचा असतो, आत काचेच्या धाग्यांचे दोर. गाडी उभी असली तरी रबर म्हातारं होतं, आणि त्याला तेल लागलं तर फारच लवकर. क्रँकशाफ्टचे (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-धुराच्या झडपा, उघडणारा दांडा) एक, हे गणित हा दातेरी पट्टा सांभाळतो. तो चुकला तर या इंजिनात पिस्टन वर येतो तेव्हा उघडे राहिलेले व्हॉल्व्ह त्याला आपटून वाकतात. म्हणूनच मी वेळेत काम करून घ्यायला गेलो होतो.

वागळे इस्टेटमधलं गॅरेज, ओळखीतून कळलेलं. मालक गोड बोलणारा. "साहेब, पूर्ण किट टाकू. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, ऑइल सील. एकदा केलं की बघायला नको." सल्ला अगदी बरोबर होता. (टेन्शनर म्हणजे बेल्ट ताणून धरणारी पुली.) या गाडीत वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, त्यामुळे दोन्ही एकत्र बदलणंच शहाणपणाचं. मी म्हटलं, काम चालू असताना थांबतो. तो म्हणाला, "दोन दिवस लागतील साहेब, कुठे थांबता?" आणि मी घरी गेलो.

तिसऱ्या दिवशी त्यानं बॉनेट उघडून दाखवलं. बाजूला काळाभोर, कोरा करकरीत बेल्ट. शिवाय पिशवीत "काढलेला जुना माल": एक झिजका बेल्ट, एक बेअरिंग. मी समाधानानं पैसे दिले. इथेच मी फसलो, आणि इथेच बहुतेक जण फसत असणार. बॉनेट उघडल्यावर दिसतो तो अल्टरनेटरचा, नाहीतर पॉवर स्टिअरिंगचा बेल्ट. काही शे रुपयांचा. टायमिंग बेल्ट कव्हरच्या आत असतो, तो नुसतं वाकून दिसत नाही.

गाडी टो करून तुर्भ्यातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी माझ्यासमोर कव्हर उतरवलं. आतला बेल्ट तेलानं माखलेला, पाठीवर बारीक भेगा, आणि क्रँकच्या पुलीपाशी सलग सात-आठ दात साफ सोललेले. त्यावरचं अर्धवट पुसलेलं कंपनीचं नाव बाबांच्या डायरीतल्या नावाशी जुळलं. म्हणजे 2013 चाच बेल्ट. कॅमचं ऑइल सील गळत होतं, ज्याचे पैसे मी भरले होते. वॉटर पंपाच्या बोल्टांवर इतका जुना थर होता की त्यांना वर्षानुवर्षं पाना लागलेला नव्हता. पिशवीतला "आमचा" जुना बेल्ट मिस्त्रींनी शेजारी ठेवला. रुंदी कमी, दातांची संख्या वेगळी. दुसऱ्याच कुठल्या गाडीचा.

हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह बसवलेला वरचा भाग, उतरवलं. 16 पैकी 9 व्हॉल्व्ह वाकलेले. माल मिळवायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडपर्यंत फेऱ्या झाल्या, पाच आठवडे गेले, खर्च 41,000. त्या दिवशी मागून येणाऱ्या कंटेनरचा ब्रेक लागला नसता तर, हा विचार मी अजूनही पूर्ण करू शकत नाही.

गॅरेजवाल्यानं सरळ हात वर केले. बिल साध्या कागदावर, ना जीएसटी क्रमांक, ना पार्ट नंबर. पण पैसे मी यूपीआयनं दिले होते आणि "किट टाकलं" हा त्याचा मेसेज माझ्याकडे आहे. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही. प्रकरण चालू आहे. तेलकट बेल्ट, वाकलेले व्हॉल्व्ह आणि पिशवीतला परका बेल्ट मी जपून ठेवलाय.

या वेळी काम होईपर्यंत मी तिथंच स्टुलावर बसून होतो. नव्या मालाची खोकी मी स्वतः फोडली. एमआरपी, आयातदाराचं नाव, महिना-वर्ष सगळं छापलेलं होतं. काहीच न छापलेल्या खोक्यातला माल घेऊ नका. मिस्त्रींनी क्रँक आणि कॅमच्या पुल्यांवरच्या खुणा जुळवल्या, टेन्शनर बसवला, मग हातानं इंजिनाचे पाच-सहा पूर्ण फेरे दिले आणि खुणा परत तपासल्या. हे हातानं फिरवणं जो टाळतो त्याच्याकडे गाडी देऊ नका. कव्हर बसण्याआधी मी फोटो काढले, बेल्टवरचा नंबर वाचता येईल असे.

तुम्ही गेल्या काही वर्षांत जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलून घेतला असेल आणि उघडं काम पाहिलं नसेल, तर घाटात किंवा एक्स्प्रेसवेवर गाडी काढण्याआधी वरचं कव्हर उतरवून बघून घ्या. तुर्भ्याच्या मिस्त्रींना त्याला अर्धा तास लागला होता.