पाकिटातली शेंगदाणा चिक्की: ‘अ‍ॅडेड शुगर 0’चा हिशेब

नव्या लॉटच्या पाकिटावर मागच्या बाजूची एक ओळ बदलली आहे. आधीच्या सगळ्या पाकिटांवर ‘अ‍ॅडेड शुगर 0 ग्रॅम’, म्हणजे बाहेरून घातलेली साखर शून्य, असं छापलेलं असायचं, आता तिथे 32 आहे. चिक्की तीच, घटक तेच, चवही तीच. पावसाळ्याआधीपासून हीच चिक्की घरात येते आणि या एका ओळीवरून कस्टमर केअरशी बराच वाद झाला आहे, म्हणून सविस्तर लिहायला हवं. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हे शून्य इतर पाकिटांवरही सापडू शकतं.

100 ग्रॅमचे आकडे असे: ऊर्जा 510 किलोकॅलरी, प्रोटीन 15.2 ग्रॅम, कार्बोहायड्रेट 48, त्यात एकूण साखर 35, फॅट 28.5, सॅच्युरेटेड फॅट 4.2, सोडियम 18 मिलीग्रॅम. घटकांच्या यादीत शेंगदाणे, गूळ, द्रव ग्लुकोज, तूप, याच क्रमाने. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, त्यामुळे शेंगदाणे आधी आले ही चांगली खूण.

पहिली तपासणी बेरजेची. प्रोटीन आणि कार्बोहायड्रेटला 4 ने गुणायचं, फॅटला 9 ने. इथे 61 अधिक 192 अधिक 256, म्हणजे 509. छापलेल्या 510 शी जुळलं. पन्नास-साठ कॅलरींचा फरक निघाला तर त्या लेबलवरच्या बाकीच्या आकड्यांवरही विसंबू नये.

दुसरी, शेंगदाणे खरंच किती आहेत ही. शेंगदाण्यात साधारण पाव हिस्सा प्रोटीन असतं आणि गुळात जवळजवळ नाहीच. म्हणून प्रोटीनचा आकडा चारने गुणला की शंभरात किती ग्रॅम दाणे आहेत ते कळतं. 15.2 गुणिले 4 म्हणजे 61. प्रोटीन 10 असेल तर दाणे चाळीसच टक्के, बाकी पाक. सॅच्युरेटेड फॅटही बघा: 60 ग्रॅम दाण्यांतून ते चार ग्रॅमच्या आतबाहेर येतं. लेबलवर आठ-नऊ दिसलं तर पाम तेल किंवा वनस्पती तूप यादीत शोधा.

आता त्या शून्याकडे. दाण्यांत स्वतःची साखर 100 ग्रॅमला चार-पाच ग्रॅम असते, म्हणजे 60 ग्रॅम दाण्यांतून तीनच ग्रॅम येते. एकूण 35 मधली उरलेली 32 ग्रॅम साखर गूळ आणि ग्लुकोजचीच. दाण्यांतून ती येऊच शकत नाही. कस्टमर केअरचं उत्तर होतं की गूळ नैसर्गिक आहे, म्हणून तो अ‍ॅडेड शुगरमध्ये धरत नाही. हे साफ चूक. गुळात मुख्यतः सुक्रोजच असतं, तेच जे साखरेत असतं, आणि चिक्की करताना तो बाहेरून घातला जातो. मधुमेह असलेल्या घरात हे शून्य वाचून कुणी रोज दोन वड्या देत असेल, तर त्याची जबाबदारी कुणावर? चिडण्याचं कारण हेच.

तेव्हा एक स्टार दिला होता. आता 32 छापल्यावर साडेतीन देतो, कारण माल मुळात चांगला आहे आणि लेबल सुधारलं. अर्धा स्टार अजून अडवून ठेवला आहे तो सर्व्हिंग साइजसाठी, म्हणजे एका वेळी खाण्याचं जे प्रमाण लेबल धरतं त्यासाठी.

पाकीट 200 ग्रॅमचं, आत सहा वड्या. एक वडी 33 ग्रॅमची झाली; वजनकाट्यावरही 32 ते 34 भरते. लेबलवर मात्र सर्व्हिंग 20 ग्रॅम. वडी अर्धी करून उरलेली परत कागदात गुंडाळून ठेवणारं कुणी नसतं. नियमाप्रमाणे दैनंदिन टक्केवारी 50 ग्रॅम अ‍ॅडेड शुगर धरून काढतात, म्हणून 20 ग्रॅमला 6.4 ग्रॅम, म्हणजे 13 टक्के छापता येतात. अख्ख्या वडीत साडेदहा ग्रॅम साखर आहे, म्हणजे 21 टक्के. दोन वड्या खाल्ल्या की 21 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये शक्य तर साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या पाच टक्क्यांच्या आत आणावी असं सुचवलं, ते 2000 कॅलरींच्या आहारात 25 ग्रॅम होतात. चहातली साखर अजून मोजलेलीच नाही.

पुढच्या बाजूच्या ‘हाय प्रोटीन’बद्दलही तेच. घन पदार्थात 100 ग्रॅममागे दिवसाच्या गरजेच्या 20 टक्के प्रोटीन असेल तर तसं लिहिता येतं. गरज 54 ग्रॅम धरली तर अकरा ग्रॅम पुरतात, चिक्कीत 15 आहेत, दावा नियमात बसतो. पण एका वडीतून मिळतं पाच ग्रॅम प्रोटीन आणि सोबत साडेदहा ग्रॅम साखर. पाकिटावरचं ‘गुळातून लोह’ हे वाक्य तर काढूनच टाकावं. एका वडीत बारा-तेरा ग्रॅम गूळ, त्यातून फार तर अर्ध्या मिलीग्रॅमच्या आसपास लोह मिळतं. प्रौढ स्त्रीची रोजची गरज 29 मिलीग्रॅम आहे.

तरीही ग्लुकोज बिस्किटांपेक्षा हीच बरी. बिस्किटात साखर थोडी कमी असते, पण प्रोटीन 100 ग्रॅमला सातच्या आसपास आणि बाकी मैदा. चिक्कीने पोट भरल्यासारखं वाटतं ते दाण्यांतल्या फॅटमुळे आणि तंतूंमुळे, आणि ते फॅट बहुतांशी असंतृप्त असतं.

द्रव ग्लुकोजवर आधी राग होता, तो आता उतरला आहे. यादीत तिसऱ्या जागी, थोड्या प्रमाणात असेल तर त्याचं काम पाकाची साखर परत दाणेदार होऊ न देणं एवढंच. तेच दुसऱ्या जागी, गुळाच्या वर दिसलं, तर पाकीट परत ठेवा.

पावसाळ्यात गूळ हवेतली ओल ओढतो आणि वडी चिवट होते. ते चालेल, पण दाणे खवट झाले तर नाही. आतला कागद उघडल्याबरोबर जुन्या तेलाचा वास आला तर एक्स्पायरीची वाट न बघता टाकून द्या. पाकीट फोडलं की वड्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, गॅसपासून लांब.

पैशांचं सांगायचं तर 200 ग्रॅमला 90 रुपये जातात. आमच्याकडे दाणे 150 रुपये किलो, चिक्कीचा गूळ 80. तीनास दोन प्रमाणात 200 ग्रॅम घरी पंचविसेक रुपयांत होते. 300 ग्रॅम दाणे मंद आचेवर भाजून, सालं काढून पाखडायचे. 200 ग्रॅम गूळ चमचाभर तुपात वितळवायचा आणि पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून कट्कन मोडेपर्यंत आटवायचा. थेंब वाकला तर चिक्की दाताला चिकटणार, काळपट झाला तर कडू लागणार. दाणे घालून तूप लावलेल्या पोळपाटावर लगेच लाटायचं आणि गरम असतानाच वड्या पाडायच्या. वीस-वीस ग्रॅमच्या पाडल्या तर एका वडीची साखर सहा-सात ग्रॅमवर राहते.

विकतची घेणार असाल तर पाकिटाचं वजन भागिले आतल्या वड्या हा हिशेब दुकानातच करा आणि 100 ग्रॅमच्या रकान्यातली साखर त्या वजनाला लावून बघा.