बोर्ड नसलेलं गॅरेज आणि माझी २००७ ची अल्टो

गॅरेजचं नाव विचारू नका, बोर्डच नाही. सोलापुरात शांती चौकातून अक्कलकोट रोडला लागायचं. एमआयडीसीच्या अलीकडे पत्र्याचं शेड दिसेल, समोर टायरची चवड आणि कडुलिंबाचं झाड. मिस्त्रींना आजूबाजूचे सगळे अण्णा म्हणतात, तेवढ्यावर पोचता येतं. फोन करून जाऊ नका, ते उचलत नाहीत.

आधी गाडीचं सांगते. अल्टो एलएक्सआय, एमएच १३, पंधरा वर्षं भरल्यावर आरटीओत रीपासिंग करून आणलेली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पाच गिअर. माझा धंदा शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा. जुळे सोलापुरातून निघायचं, मागचं सीट पाडून सव्वाशे-दीडशे किलो माल भरायचा आणि मोहोळ, तुळजापूर, अक्कलकोट करत दुकानांना द्यायचा. गाडी मीच चालवते. आमच्या ह्यांना चालवता येत नाही, हे पुढे कामाला येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

नवरात्राच्या आधीची गोष्ट. तुळजापूरला मालाची मागणी तेव्हाच जास्त असते. घाटात तिसऱ्या गिअरला रेस दिली तर इंजिन नुसतं ओरडायला लागलं. आवाज चढतोय, गाडी मात्र आहे तिथेच. मागून एसटीवाला हॉर्नवर हॉर्न. दुसरा टाकून कशीबशी वर गेले, तर आत वास भरलेला. नाकावरच माझा धंदा चालतो, करपलेला शेंगदाणा मी दुसऱ्या खोलीतून ओळखते. हा वास तो नव्हता, रबर आणि कागद एकत्र जाळल्यासारखा होता. त्याच आठवड्यात गावात दुसरीच तऱ्हा सुरू झाली. सात रस्त्याला दुसऱ्या गिअरवर हळू चाललं की गाडी गचके मारायची, नवशिक्या घोड्यावर बसल्यासारखं. भाकरीच्या पाकिटांचा चुरा व्हायला लागला. कडक भाकरी तशीही मोडूनच खातात, पण दुकानदार ते ऐकून घेत नाही.

पहिल्यांदा गेले ते घराजवळच्या मोठ्या गॅरेजात. नाव लिहीत नाही. काचेचं ऑफिस, एसी, चहा, सगळं होतं. मी म्हटलं, "गाडी झटके देते आणि चढाला ओढत नाही." पोरानं बॉनेट उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, "गिअरबॉक्स उघडावा लागेल मॅडम, बावीस हजार धरून चाला. साहेबांना फोन लावता का, त्यांना समजावून सांगतो." ज्या साहेबांना हाफ क्लच आणि हॅन्डब्रेक यातला फरक माहीत नाही, त्यांना हा गिअरबॉक्स समजावणार होता. गाडी चालवून बघतो असं एकदाही म्हणाला नाही. मी चहा तसाच ठेवून उठले. आमच्याकडे मिरच्या देणारा टेम्पोवाला आहे, त्यानं अण्णांचं शेड दाखवलं.

अण्णांनी बॉनेटला हातच लावला नाही. आधी प्रश्न. "ताई, ओढत नाही तेव्हा इंजिनचा आवाज वाढतो का पडतो?" वाढतो. "आणि गचके मारते तेव्हा?" मी थांबले. आठवून बघितलं तर तेव्हा आवाज अडखळतो, मध्ये मध्ये तुटतो. "सकाळी जास्त का दुपारी?" सकाळी, आणि पाऊस असला की फारच. त्यावर ते म्हणाले, "मग हे दोन आजार हायत की. तुम्ही एकाच नावानं सांगायलाय."

या एका वाक्यासाठी मी एवढं लिहायला बसले. महिनाभर मी स्वतःसुद्धा दोन्हीला 'झटके' म्हणत होते. इंजिन पळतंय आणि चाक पळत नाही, याचा अर्थ इंजिनची ताकद चाकाकडे नेणारा मधला क्लच सरकतोय. इंजिनच अडखळतंय आणि त्याच्याबरोबर गाडीही, तर ते मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर मध्ये मध्ये पेटतच नाही. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, फक्त एकाच महिन्यात आले. माझ्या अल्टोला आरपीएमचा काटा नाही, म्हणून सगळं कानावर. काटा असलेल्यांनी काट्याकडे बघावं: क्लच सरकत असेल तर तो गुळगुळीत वर जातो आणि स्पीड तिथेच राहतो. मिसिंगला काटा थरथरतो.

मग मला चालवायला बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. रस्ता मोकळा मिळाल्यावर म्हणाले, "चौथा टाका, चाळीसवर आणा, आता पूर्ण दाबा." इंजिन ओरडलं, स्पीडचा काटा चाळीसवरच. परत शेडमध्ये येऊन हॅन्डब्रेक ओढला, चौथा गिअर, थोडी रेस आणि क्लच सोडायला लावला. धडधाकट गाडी इथे लगेच बंद पडते. माझी आरामात घुरघुरत राहिली. लगेच क्लच दाबायला सांगून बंद केली. ही तपासणी एकदाच करायची, पुन्हा पुन्हा केली तर आहे ती क्लचची प्लेटही जळते, हे त्यांनी हाताखालच्या पोराकडे बघत सांगितलं. बहुतेक त्यानं कधीतरी केलं असावं.

तरीही गिअरबॉक्सला हात नाही. आधी क्लचची केबल. पेडल हातानं दाबून दाखवलं, वरचा थोडासा भाग सैल हलायला हवा, माझं पेडल पहिल्यापासूनच ताठ. कुणीतरी केबल ओढून घट्ट केली होती, म्हणजे मी पाय उचलला तरी क्लच पुरता बसतच नव्हता. नट सैल केला, परत एक चक्कर. सरकणं जरा कमी झालं, गेलं नाही. याचे पैसे घेतले नाहीत. केबलवरच भागलं असतं तर मी फुकटात घरी गेले असते, ही गोष्ट बावीस हजारांच्या शेजारी ठेवून बघा.

त्यानंतर गाडी खड्ड्यावर घेतली आणि मला खाली बोलावलं. साडी नेसून खड्ड्यात उतरणं सोपं नाही, पण उतरले. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे तळाला तेलाचा एक थेंब लोंबत होता. अण्णांनी बोटावर घेतला, हुंगला आणि बोट माझ्यापुढे धरलं. "सांगा, कुठलं?" शेजारच्या डब्यात गिअर ऑइल होतं, तेही हुंगायला दिलं. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र, कुजक्या अंड्यासारखा दर्प असतो. बोटावरच्या तेलाला तो नव्हता. "इंजिन ऑइल," मी म्हटलं. म्हणजे क्रँकचं, इंजिनच्या मुख्य दांड्याचं, मागचं ऑइल सील गळत होतं आणि तेल थेट क्लचवर उडत होतं. दर्प आला असता तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील असतं. चटणीला तेल सुटलं की आमचा माल उत्तम. क्लचला सुटलं की असं होतं.

मिसिंगची तपासणी मात्र तमाशासारखी झाली. शटर खाली ओढलं, शेडमध्ये अंधार. इंजिन चालू ठेवून एका बाटलीतून प्लगच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणाऱ्या प्लगला वीज नेणाऱ्या, वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला. मधल्या वायरीवरून टिक टिक करत निळी ठिणगी इंजिनवर उडायला लागली, आणि त्याच क्षणी इंजिन लंगडायला लागलं. वायरीचं रबर तडकलं होतं, दमट हवेत वीज प्लगपर्यंत जायच्या आधीच बाहेर पळायची. तीन सिलिंडरमधला एक गप्प झाला की गाडी गचके देणारच. हा प्रयोग घरी करू नका, ती वीज जोरात बसते आणि शटर बंद करून इंजिन चालवणं बरंही नाही. दोन मिनिटांत त्यांनी शटर वर केलं.

जाता जाता इंजिन माउंटिंगही बघितलं, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसवलेलं असतं ती. ब्रेक दाबून पहिला गिअर, क्लच किंचित सोडायचा, मग रिव्हर्सला तेच. बाहेरून बघितलं तर अख्खं इंजिन बैलानं मान टाकावी तसं मागेपुढे डुलत होतं. एका बाजूचं रबर फाटलेलं. मिसिंग थोडंसंच असलं तरी त्याचा गचका या फाटलेल्या रबरानं दुप्पट होत होता.

गाडी दोन दिवसांत देतो म्हणाले, दिली चौथ्या दिवशी. ही पहिली तक्रार. तुळजापूरचा एक फेरा टेम्पो भाड्यानं घेऊन करावा लागला, ते पैसे माझ्या डोक्यात अजून आहेत. दुसरी तक्रार, बसायला जागा नाही आणि बायकांसाठी सोय तर नाहीच. तिसरी, पक्कं बिल मिळत नाही. हिशेब कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे लिहून देतात. तो असा: क्लच सेट, म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, २,८५० रुपये. ऑइल सील २२०. गिअरबॉक्स उतरवताना तेल काढावंच लागतं, त्यामुळे नवं गिअर ऑइल ६४०. तीन प्लग ३३०, वायरी ५६०, माउंटिंग ७००, मजुरी २,२००. एकूण ७,५००. सामानाची खोकी मला दाखवूनच फोडली.

जुनी प्लेट पिशवीत घालून दिली. बघून मला आश्चर्य वाटलं, कारण ती झिजून संपलेली नव्हती. रिव्हेट अजून लायनिंगच्या, म्हणजे घासणाऱ्या थराच्या, आत होते. फक्त काळी, चकचकीत, तव्यासारखी झालेली. अण्णा म्हणाले, "अजून वरीसभर गेली असती. तेलानं मारलं हिला." कुणी नुसती प्लेट बदलून दिली असती आणि सव्वादोनशे रुपयांचं सील तसंच ठेवलं असतं, तर नवी प्लेटही काही महिन्यांत अशीच काळी होऊन परत आली असती. प्लेट ज्याच्यावर दाबून बसते त्या इंजिनच्या चाकावर, फ्लायव्हीलवर, निळसर डाग पडले होते, तेही दाखवले. वरवरचे होते म्हणून पेट्रोलनं धुऊन पॉलिश पेपर मारला. खोल असते तर लेथवर पाठवावं लागलं असतं.

थोडं माझंही चुकलं होतं. सिग्नलला, गर्दीत माझा डावा पाय क्लचवर टेकलेलाच असतो. चक्कर मारताना त्यांनी ते बघितलं होतं, पण बोलले शेवटी, पैसे घेऊन झाल्यावर. "ताई, ते पायपुसणं नाही." पहिले चारेकशे किलोमीटर जपून चालवा, चढाला क्लचवर गाडी धरून ठेवू नका, एवढंच आणखी सांगितलं.

आता घाटात तिसऱ्यावर भरल्या गाडीनं चढते. पेडल आधीपेक्षा हलकं आहे आणि क्लच खालीच पकडतो, त्याची सवय व्हायला दोन दिवस लागले, तोवर चौकाचौकात गाडी बंद पाडली. गचके पूर्ण गेले. दमट सकाळीसुद्धा.

पाचपैकी चार देते. एक वेळेसाठी कापला. घाई असेल, पक्कं बिल हवं असेल, तर तिकडे जाऊ नका. गाडी जुनी आहे, मॅन्युअल आहे आणि नेमकं काय बिघडलंय ते तुम्हालाच शब्दांत सांगता येत नाही, तर तिकडेच जा, आणि शक्यतो सकाळी दहाच्या आत.

परवा त्या बाजूला माल टाकायला गेले होते, तेव्हा अण्णांना पाव किलो चटणी दिली. पुडी उघडून त्यांनी आधी वास घेतला, मग चिमूटभर तोंडात टाकली.

"ताई, ह्या टायमाला दाणे जरा जास्त भाजल्यात."

भाजले होते.